पाइनॲपल : चिडाच्या फळाचे नाव अननसाला

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील या कुळागरात, म्हणजे बागायतीत, माड-पोफळींच्या सावलीत, पाटाच्या कडेने काटेरी पानांची जी रांग दिसते आहे, ती अननसाची आहे. कोकणीत तो अनस, मराठीत अननस आणि शाळेच्या इंग्रजी पुस्तकात पाइनॲपल. या तिसऱ्या नावाचा अननसाशी मुळात काहीही संबंध नव्हता.

मेजावरच्या दोन वस्तू आता जवळून पाहाव्यात. डावीकडे चिडाच्या झाडाचा वाळलेला शंकू आहे, उजवीकडे अननस. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘पाइनॲपल’ हा शब्द आढळतो तेव्हा त्याचा अर्थ डावीकडची वस्तू हा होता. पाइन म्हणजे चीड, आणि ॲपल म्हणजे त्या काळच्या बोलीत कोणतेही फळ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील या टोपल्यांमध्ये तो जुना अर्थ अजून सापडतो : सीताफळ हे कस्टर्ड ॲपल, जांब हे रोझ ॲपल, कवठ हे वुड ॲपल, आणि आपले काजूचे बोंडू तर कॅश्यू ॲपल. सफरचंदाशी यांपैकी एकाचेही नाते नाही.

कोलंबसाला १४९३ मध्ये ग्वादलुप बेटावर अननस भेटला आणि स्पॅनिश लोकांनी त्याला चिडाच्या शंकूचेच ‘पिन्या’ हे नाव दिले. इंग्रजांनीही सतराव्या शतकात तीच वाट धरली. साम्य खरेच डोळ्यांत भरण्यासारखे आहे. अननसाचा प्रत्येक डोळा म्हणजे एक फूल, अशी शंभराहून अधिक फुले जुळून हे एक फळ होते, आणि हे डोळे शंकूच्या खवल्यांप्रमाणेच तिरप्या रांगांनी वळसे घेत वर चढतात; या रांगा मोजल्या तर बहुधा एका बाजूने आठ, दुसऱ्या बाजूने तेरा भरतात. मात्र एकाच नावाचे दोन धनी झाल्यामुळे त्याच शतकाच्या शेवटी मूळ मालकाला ‘पाइन कोन’ हे नवे नाव घ्यावे लागले.

आपल्या शब्दाची वाट वेगळी आहे. ब्राझीलच्या तुपी भाषेत या फळाला ‘नाना’ म्हणत. पोर्तुगीज तेथे १५०० मध्ये उतरले, गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून फळ आले ते ‘अनानास’ हे नाव घेऊनच. फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे हे फळ आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते, अशी नोंद जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात केली आहे. म्हणजे ज्या तुपी लोकांनी हे फळ मुळात लावले, जोपासले, त्यांच्या तोंडचा शब्द फोंड्याच्या कुळागरात आजही उच्चारला जातो. इंग्रजीने तो बाजूला सारला, हे आम्हांला खटकते.

पुढे हातबाँबलाही, त्याच्या खवलेदार कवचामुळे, सैनिकांनी पाइनॲपल म्हटले. शहरातल्या मुलांच्या तोंडी आता अनसापेक्षा हाच शब्द अधिक येतो.

स्वयंपाकघरात अनसाचे डोळे काढले जात आहेत. पाट्यावर ओले खोबरे आणि मोहरी वाटून झाली आहे, गूळ चिरून ठेवला आहे. दुपारच्या जेवणाला सासव आहे.