मग तिकडे तुम्ही कोण?

(कॅनडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या २०२५ च्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिलाय, 'निवृत्तीनंतरचे मजेतले हिवाळे'. फोटो दाखवा, असंही सांगितलं होतं. फोटो आमच्या ह्यांच्या फोनमध्ये आहेत आणि त्यातले निम्मे कुकरचे आहेत, म्हणून ते राहू देत. आणि मजेचं म्हणाल तर दसऱ्यापर्यंत मजाच होती. दसऱ्याला मुलाच्या घरी भांडण झालं, ते काही डोक्यातून जात नाहीये. तेव्हा विषय सोडून भरकटले तर घंटी वाजवा.

आधी कुकर. आम्ही दोघं डिसेंबर लागला की मेक्सिको सिटीला जातो आणि इथला बर्फ वितळला की परत येतो. मेक्सिको म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि वाळू येते. ते कानकुन. मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहायचं आणि वर आणखी सहाशे मीटर चढायचं, तिथे माझं स्वयंपाकघर. हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपट. पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली डाळ दुपारपर्यंत नुसत्या उड्या मारते, शिजत नाही. ह्यांची अख्खी नोकरी बॉयलरमध्ये गेलेली. त्यांनी थर्मामीटर बुडवून मला व्याख्यान दिलं. व्याख्यान उत्तम झालं, डाळ कच्ची राहिली. आता कुकर आमच्याबरोबर विमानाने जातो, आणि विमानतळावर तपासणीवाल्याला हे दर वेळी शिट्टीचं काम समजावून सांगतात. मागे रांग थांबलेली.

पहिला आठवडा जिन्यात दर मजल्याला थांबायचं. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी प्या, घाई करू नका, रात्री हलकं जेवा. हे मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचून शेजाऱ्याला सांगणार, "ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, कमी असतो तो..." आणि पुढचा शब्द यायला मिनिटभर लागणार. दुपारी छान एकवीस-बावीस अंश, पण पहाटे सहा-सात, आणि घरांना हीटिंग नाही. टोरोंटोजवळच्या मिसिसागाची दोन माणसं मेक्सिकोत कानटोपी घालून चहा पितात. चहाही कोमटच.

मग जाता कशाला? एक तर हे इथे बर्फावर पडले होते, खुब्याला लागलं होतं. जानेवारीत त्यांना घराबाहेर सोडायची मला भीती वाटते. आणि दुसरं, तिथे सकाळी रस्त्याला आवाज असतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक मुलगी ओरडत जाते: जुन्या गाद्या, फ्रीज, शेगड्या, लोखंड विकत घेतो. धारवाला बासरी फुंकत येतो. संध्याकाळी भाजक्या रताळ्यांची गाडी वाफेची शिट्टी मारते. पहिल्यांदा ती गादीवाली ऐकली तेव्हा मी उठून रद्दी गोळा करायला लागले होते. तुम्हाला वेगळं सांगायला नको. आठवडी बाजारात पेरू, चिकू, गुळाच्या छोट्या ढेपी, राजगिऱ्याच्या वड्या. आपण एकादशीला ज्याच्यावर ताव मारतो तो राजगिरा मूळचा तिथलाच. आणि आमचे चेहरे असे, की तोंड उघडेपर्यंत आम्हीही तिथलेच वाटतो.

आता दसरा. श्रीखंड-पुरी झाली, मंडळी सैल झाली, आणि ह्यांनी आपल्या शेजारच्या ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटांचा विषय काढला. एकेका बेसमेंटमध्ये भारतातून शिकायला आलेली दहा-दहा पोरं, त्या पोरांनी भाडी वाढवली, आपलं नाव घालवलं, सरकारने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली ती उशिराच. तुम्ही सगळ्यांनी हे ऐकलंय. बऱ्याच जणांनी म्हटलंयही. मीही मान डोलावत पुऱ्या वाढत होते.

आमची नात बारा वर्षांची. ती म्हणाली, "आजोबा, मग तिकडे तुम्ही कोण?"

हे म्हणाले, "आम्ही पाहुणे. पैसे मोजून राहतो."

"ही मुलंपण पैसे मोजूनच राहतात ना?"

मुलगा हसला आणि तिथे सगळं बिघडलं. ह्यांचा आवाज चढला, मुलाचाही चढला, १९८० सालापासूनची बिलं बाहेर निघाली. हे वाटीत श्रीखंड टाकून उठले. ज्यांनी ह्यांना जेवताना पाहिलंय त्यांना प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल. परत येताना चारशे-एक हायवेवर आम्ही एक शब्द बोललो नाही.

नात हे हवेतून बोलली नव्हती. २०२५ च्या जुलैच्या ४ तारखेला मेक्सिको सिटीत रोमा आणि कोन्देसा भागांत मोर्चा निघाला, तो तिने फोनवर पाहिला होता. परदेशी लोक येऊन राहतात, भाडी चढतात, आम्हाला आमच्याच गल्लीतून उठावं लागतं, म्हणून. काही दुकानांच्या काचाही फुटल्या. तेव्हा आम्ही इथे परसात मेथीला पाणी घालत होतो. बातमी बघून हे म्हणाले, आपण कुठे रोमात राहतो, आपण नार्वार्तेत. खरं आहे. रोमा महाग झालं म्हणून माणसं नार्वार्तेत आली, आणि त्या माणसांतले दोन आम्ही.

हिशेब मीच करून बघितला. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला दुसरं येतं काय? २०२५ मध्ये कॅनडाच्या एका डॉलरला साधारण तेरा पेसो मिळत होते. तिथलं किमान वेतन त्या वर्षी दिवसाला २७८.८० पेसो होतं, म्हणजे एकवीसेक डॉलर. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात ते ऑक्टोबर २०२५ मध्ये तासाला १७.६० डॉलर झालं. आमचं पेन्शन इथे टिम हॉर्टन्समध्ये कॉफी पीत बसण्यापुरतं, तिथे गेलं की शेठजी होतं. तिथल्या शहर सरकारने २०२२ मध्ये दुरून काम करणाऱ्या परदेशी लोकांना बोलवायला घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीशी करार केला, आणि २०२४ मध्ये भाडेवाढ महागाईच्या दरापेक्षा जास्त नको असा कायदा केला. आधी बोलवायचं, मग आवरायचं. आपल्याला हे ओळखीचं आहे.

कायद्याने आम्ही चोख आहोत. मेक्सिको १८० दिवसांपर्यंत राहू देतं, ओहिपला, म्हणजे ऑन्टारिओच्या सरकारी आरोग्य विम्याला, वर्षात २१२ दिवस बाहेर चालतं. पण नातीने व्हिसाबद्दल विचारलंच नव्हतं.

आमच्या घरमालकीणबाई विधवा आहेत. आमच्या भाड्यात त्यांची औषधं आणि वर्षाची घरपट्टी निघते, असं त्या स्वतःच सांगतात. आम्ही राहतो त्या घरात आधी त्यांची भाची राहायची, हे आम्हाला फार उशिरा, बोलता बोलता कळलं. ती आता शहराबाहेर एकातेपेकला असते आणि कामावर यायला तिला दोन तास लागतात. रविवारी मावशीकडे आली की आम्हाला तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले, देऊन जाते. छान बोलते. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझं माहेर गिरगावचं. पुढचं तुम्हीच सांगाल: गिरगावातून डोंबिवली, डोंबिवलीतून बदलापूर. मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला आपण त्यासाठी रडतो, मीही रडते. ती घरं कोणी घेतली? बाहेरून पैसा घेऊन आलेल्यांनी. आणि कोथरूड-बाणेरला वर्षभर कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट या हॉलमध्ये किती जणांचे आहेत? हात वर करू नका, समोरच्या रांगेतले बरेच वर जातील.

आपण आलो ते दिवस आठवा. टोरोंटोच्या नाझ थिएटरात हिंदी पिक्चर, बाहेर पान. एका खोलीत पाच जण, दोघांत एक कोट. ते सांगताना आपला ऊर भरून येतो. ब्रॅम्प्टनची पोरं तसंच राहिली की ती घाण. गणपतीला खुर्च्या लावायला आपल्याला हीच मुलं लागतात, शेवटच्या पंगतीला उरलेल्या मसालेभातावर हीच बसतात, आणि "काकू, तुमचं बेसमेंट रिकामं आहे का?" विचारलं की आपल्याकडे नेमके पाहुणे यायचे असतात. मीही एकाला सांगितलंय, पाहुणे येणार आहेत म्हणून.

ह्यांच्याकडे मेक्सिकोत एक हुकमी पत्ता आहे. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे, गदर चळवळीतले. इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केली, तेव्हा १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर त्यांना रंगवलंय, आणि २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. हे प्रत्येकाला ऐकवतात, "आमचा माणूस तुमच्या भिंतीवर आहे!" टॅक्सीवाल्यालासुद्धा. मीही अभिमानाने ऐकायचे. गेल्या हिवाळ्यात त्या चित्रासमोर उभी होते. आता वाटतं, ते त्या देशाला मका देऊन आले. आम्ही ऊन खाऊन येतो.

"पुण्याला का नाही जात?" हे तुम्ही चहाच्या वेळी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. पुण्याचं घर पुनर्विकासात गेलं, हिवाळ्यात तिथली धूळ मला सोसत नाही, आणि भाचे-पुतणे प्रेमळ असले तरी पाहुण्याने आठवड्यात उठावं हे त्यांनाही ठाऊक आहे, आम्हालाही.

हे आणि नात आता बोलतात. ह्यांनीच फोन केला. त्या विषयावर बोलत नाहीत, क्रिकेटवर बोलतात.

मागच्या आठवड्यात घरमालकीणबाईंचा निरोप आला. भाची परत यायचं म्हणतेय. तिला परवडेल तेवढंच भाडं ती देणार, तुमच्याइतकं नाही. तुम्ही येणार असाल तर घर तुमचंच, पण काय ते लवकर कळवा. हे म्हणतात, सोपं आहे, आपण त्याच गल्लीत दुसरं घर बघू. त्या घरातही कोणाची तरी भाची असेलच की. इकडे जानेवारी येतोय, आणि ह्यांचा खुबा तोच आहे. तिकिटं काढलेली नाहीत. बाईंना मी 'कळवते' एवढंच लिहिलंय.