आधी मुलं येऊ द्या
(उन्हाळी बायबल शिबिराच्या शिक्षकांसमोर सोलापुरात केलेले भाषण)

सलाम मंडळी. वेळापत्रक सगळ्यांच्या हातात आहेच. साडेसातला प्रार्थना, मग गाणी, पाठ, वचन पाठांतर, हस्तकला, खाऊ आणि साडेदहाला घरी. यातलं साडेदहा तेवढं पक्कं धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढं जातो, भर उन्हात पोर रस्त्यावर सोडायचं नाही. बाकीचा कागद पहिले दोन दिवस घडी घालून खिशात ठेवलात तरी चालेल.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला प्रसंग तुम्हाला तोंडपाठ असेल. लोक बाळकांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. हाच प्रसंग मत्तय सांगतो, लूकही सांगतो. पण ते पाहून येशूला राग आला, हे लिहितो एकटा मार्क. आता शिष्य काही वाईट नव्हते हो. गर्दी आवरावी, कार्यक्रम सुरळीत व्हावा, एवढंच त्यांच्या मनात असणार. थोडक्यात, ते संयोजक होते. आपणही संयोजकच, म्हणून तो राग आधी आपल्याला लागू.

नावनोंदणीच्या टेबलापाशीच याची परीक्षा होते. पत्रकावर वयोगट छापलाय, पाच ते चौदा. समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, नाक वाहतंय, आणि तिच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा त्यानं तोंडात धरलाय. शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत आया विड्या वळतात. शाळेला सुट्टी लागली की धाकटं पोर थोरलीच्या कडेवर. त्याला परत पाठवलंत तर तीही जाणार, आणि उद्या काही येणार नाही. तेव्हा धाकट्यांसाठी एक सतरंजी आणि एक मावशी आधीच नेमून ठेवा. नियम मोडला म्हणून कुणी तक्रार केली तर माझ्याकडे पाठवा.

या शिबिरांचा उगमही असाच आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी पाहिलं की उन्हाळ्यात गरीब वस्तीतली पोरं दिवसभर रस्त्यावर असतात. त्यांनी चक्क बीअरचा हॉल भाड्यानं घेतला आणि तिथं वर्ग भरवला. पुढं १९०१पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच शहरात ही कल्पना फैलावली. त्यांचा हिशेब सरळ होता: चर्चच्या इमारती रिकाम्या, मुलं रिकामी, मग एकत्र का आणू नयेत? आपल्याला तर चर्चचं आवार आहे, कडुलिंबाची सावली आहे. कुरकुर करायची सोय नाही.

पहिला दिवस नावांचा. पिनेनं लावायच्या पुठ्ठ्यावर नाव ठळक देवनागरीत लिहा, आणि हाक नावानंच मारा, ‘ए निळा शर्ट’ नको. अर्ध्या मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. नाव चुकलं तर मूल हसून सोडून देतं, पण पुन्हा जवळ येत नाही. मुलगे एकमेकांना ‘का बे’ म्हणतील. लगेच संस्कार करायला धावू नका.

गाणी भरपूर घ्या, कृतिगीतं तर हवीतच. फक्त सगळं स्पीकरवर लावून मोकळं होऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताचं भजन-कीर्तन आपल्या मातीतल्या चालींत आणलं. आणि आपण टाळ-ढोलकी कपाटात ठेवतो! टाळ हातात दिला की गप्प बसलेलं पोरही हलतं. नाहीच हललं तर बसू दे.

शेजारची हिंदू, मुसलमान मुलंही मित्रांबरोबर येतील. त्यांच्या आईवडिलांना पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगा की इथं बायबलच्या गोष्टी सांगतात, प्रार्थना होते. त्यांची हरकत नसेल तर आनंदानं बसवा. आडपडदा नको. आणि ‘येशूला हृदयात कोण घेणार, हात वर करा’ हे कुणालाच विचारू नका, निदान या दोन दिवसांत तरी. मुलं शेजारच्याचा हात बघून हात वर करतात. त्याची संख्या अहवालात लिहायला बरी दिसते, एवढंच.

पाण्याचं बघा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा टाकी आदल्या संध्याकाळी भरलेली हवी. सरबताला मीठ विसरू नका.

दुसऱ्या दिवशी जी मुलं दिसणार नाहीत त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन या. बहुतेकदा कारण साधं असतं, गावाला गेलीत किंवा चप्पल तुटली.

मग तिसऱ्या दिवशी पाठाला लागा. योसेफाची गोष्ट घेतली आहे. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, तिथं थांबायचं. पुढचं चौथ्या दिवशी. पोरं ओरडतील, फाटकापर्यंत मागं येतील, तरी सांगायचं नाही. बरं, आता टेबलावर कोण बसणार, तेवढं ठरवून टाकू.