शिवराई ओळखायची कशी, आणि जाणकाराला नेमकं काय पाठवायचं?

कॅमेऱ्याजवळ धरतो, नीट बघा. तांब्याचं जाडसर नाणं, कडेला तुटलेली अक्षरं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ दोन ओळींत. ही शिवराई.

महाराजांचं नाव आहे म्हणजे नाणं त्यांच्याच काळातलं, असं समजू नका. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची ही शिवराई पुढे पेशवाईतही त्याच नावाने पाडली जात होती. ओळींच्या मध्ये दोन आडव्या समांतर रेघा दिसल्या तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकाळातली. वजनही बोलतं: सुरुवातीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅम, दुदांडी बहुधा ८ ते १० ग्रॅम. पण झिजलेलं नाणं हलकं भरतं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका.

मजकूर तुटका का? नाणी हातोडीने ठोकून पाडत. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. जेवढं बसलं तेवढंच उमटलं. आधी शिरोरेषा शोधा, ती आडवी येईपर्यंत नाणं फिरवा. मग एखादा ‘जा’ किंवा ‘त्र’ सुटतो आणि बाकीचं जुळवता येतं. ‘शिव’ऐवजी ‘सिव’, ‘पति’ऐवजी ‘पती’ असंही सापडतं. नाणं खोटं ठरवायची घाई नको, उलट प्रकार ठरवताना हीच अक्षरं कामी येतात.

आता जाणकाराला विचारायचंय. तो तुम्हाला ओळखत नाही, नाणं त्याच्या हातात नाही. मग त्याला द्या: दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा एक, शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने तिरका, म्हणजे झिजलेल्या अक्षरांची सावली पडते. उजेडाची दिशा बदलून दोन-तीन फोटो काढा. सोनाराच्या काट्यावरचं वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास, आणि नाणं कुठून आलं तेही सांगा. ‘किंमत किती?’ हा प्रश्न शेवटी.

आणि कृपा करून चिंच, लिंबू लावू नका! आम्ल हिरवट-तपकिरी थर खातं, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. मग कोणताही जाणकार हात टेकतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि मऊ ब्रशने हलकेच काढा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.

अंगावर बारीक खड्डे आणि कडेभोवती जोडाची रेघ दिसली, तर ती बहुधा ओतीव नक्कल. फोटोवरून याचा पक्का निर्णय होत नाही, तसं सांगणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवा. नाणं विकून देतो म्हणत नोंदणी फी किंवा कमिशन आधी मागणाऱ्याला मात्र उत्तरही देऊ नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये इशारा दिलेला आहे.

नाणी जमिनीत पुरलेली सापडली असतील तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अशा वेळी हंडा, माती, आजूबाजूचं काहीही हलवू नका, आहे तिथेच फोटो काढा.