पंचविशीतल्या कस्तुरबा: रोहिणी हट्टंगडींचं काम नीट बघूया

नमस्कार मंडळी! आधी एक सोपं गणित. 'अग्निपथ', १९९०. मांडव्याच्या विजय दीनानाथ चव्हाणची आई कोण? रोहिणी हट्टंगडी. अमिताभचा जन्म १९४२चा, या आईचा १९५५चा. म्हणजे आई मुलापेक्षा साडेबारा वर्षांनी धाकटी!

आता हिंदी सिनेमाला बायकांना लवकर म्हातारं करायची खोडच आहे, त्यात नवल नाही. पण रोहिणीताईंचं म्हातारपण नुसत्या पांढऱ्या केसांवर उभं नसतं. ते अंगातून येतं.

कसं? जन्म पुण्यातला, माहेरच्या त्या ओक. तिथून दिल्लीला एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली. १९७४ला तिथून बाहेर पडल्या. त्या कथकली शिकल्या, कर्नाटकातलं यक्षगान आणि जपानी काबुकी या नाट्यशैलींतही उभ्या राहिल्या. तिन्ही प्रकार परंपरेने पुरुषांचे. कथकलीत तर डोळ्यांची बुबुळंसुद्धा तालमीला बसवतात. अशा तालमीतून गेलेल्या नटीला कंबर किती वाकवायची, मान किती वळवायची, हे सांगावं लागत नाही.

(पडद्यावर: 'गांधी', १९८२)

शूटिंग सुरू झालं १९८०च्या नोव्हेंबरात. रोहिणीताई पंचविशीच्या. आणि कस्तुरबांचा मृत्यू झाला तो ७४व्या वर्षी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. एवढा पल्ला एकाच सिनेमात! दक्षिण आफ्रिकेतला तो प्रसंग आठवा. संडास साफ करायचा हुकूम होतो, बा ठाम नकार देतात, गांधीजी त्यांना दाराकडे ओढतात. तिथली ताठ, चिडलेली बाई बघा आणि लगेच पुढे जाऊन शेवटच्या आजारपणातल्या बा बघा. फरक मेकअपचा किती आणि शरीराचा किती, ते तुम्हीच ठरवा. या भूमिकेसाठी १९८३ला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून.

मग १९८४ला 'सारांश'. शिवाजी पार्कात राहणारी, मुलगा गमावलेली पार्वती प्रधान. तेव्हा त्या जेमतेम तिशीला टेकत होत्या, आणि नवऱ्याच्या भूमिकेतले अनुपम खेर त्यांच्याच वयाचे. गंमत पुढे आहे. पाच वर्षांनी 'चालबाज'मध्ये हीच जोडी श्रीदेवीच्या जिवावर उठलेले दुष्ट काका-काकू! तीच दोन माणसं आहेत, यावर विश्वास बसत नाही.

पण मला विचाराल तर त्यांचं पडद्यावरचं खरं काम 'पार्टी'तलं. एलकुंचवारांचं नाटक, गोविंद निहलानींचा सिनेमा. त्यात त्या मोहिनी बर्वे, रंगभूमी सोडून बसलेली, दारूच्या आहारी गेलेली नटी. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच भूमिकेला.

त्यांनी स्वतः मात्र नाटक सोडलं नाही. पती जयदेव हट्टंगडींच्या दिग्दर्शनात 'चांगुणा' केलं. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या 'येर्मा'चं ते मराठी रूप. पडद्याने जिला कायम आई केलं, ती रंगमंचावर मुलासाठी तडफडणारी बाई! पुढे 'अपराजिता' हा एकपात्री प्रयोगही केला.

आणि घराघरांतल्या आजींना विचाराल, तर यातलं काहीच आठवणार नाही. त्यांच्यासाठी त्या 'चार दिवस सासूचे'मधल्या आशाताई देशमुख. दहा वर्षांहून जास्त, तीन हजारांवर भाग. काही लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडणार. रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हीसुद्धा मेहनतच.

आज रात्री वेळ असेल तर आधी 'पार्टी' बघा, लगेच 'चालबाज' लावा. आणि कमेंटमध्ये सांगा, तुमच्या आईला त्या कुठल्या भूमिकेतल्या आठवतात!