चार डबे आणि एक बोल्ट

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय तोच आहे. घरी बांधलेल्या विमानाच्या पॅनलला, म्हणजे पायलटच्या पुढ्यातल्या यंत्रांच्या फळीला, एकाच स्क्रीनवरची एकत्र यंत्रणा परवडते की प्रत्येक यंत्राचा सुटा डबा? कार्यवाहांनी मला पन्नास मिनिटं दिली, त्यातली आठ हार-नारळात गेली. साडेसहाला हा हॉल दशावताराच्या तालमीला द्यायचाय. मी वेळेत थांबलो नाही तर संकासूर येऊन मला ओढत नेईल.

घरी विमान बांधतात म्हणजे काय, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. अमेरिकेत तशी सोय आहे. विमानाचा मोठा भाग तुम्ही स्वतः, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी बांधला पाहिजे ही मुख्य अट. बोलताना सगळे त्याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं, 2016च्या मेक इन इंडियात ते मांडलं होतं, तुम्ही पेपरात वाचलं असेल. मागच्या रांगेतून आता तळपद्यांचं नाव येणार, मला माहीत आहे. त्यांनी विमान उडवलं म्हणतात तेव्हा, 1895ला, मी चौपाटीवर नव्हतो, आणि त्या विमानाच्या पॅनलबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही. तेव्हा तो विषय चहाला.

माझा मुलगा तिकडे अमेरिकेत दोन मित्रांबरोबर गॅरेजात आरव्ही-7 नावाचं विमान बांधतोय. दोन माणसांचं, शेजारी-शेजारी बसायचं, सगळं अॅल्युमिनियमचं. सुनेच्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिने गेलो होतो. ही बाळाकडे बघायची, मी विमानाकडे. मुलाने हिशेबाची वही पुढे टाकली नि म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर डबे उघडलेत, तुम्हीच सांगा." म्हणून हे व्याख्यान. पण त्याआधी बंदरावरची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला पटणार नाही.

देवगडच्या जेटीवर तीस वर्षं मी वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर दुरुस्त केले. एका मालकाच्या ट्रॉलरवर चार सुटे डबे होते: वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर आणि एक जुना रडार. मालक हुशार. म्हणायचा, चार वेगळ्या कंपन्यांचे घेतलेत, एक मेला तर तीन जिवंत. 31 जुलैला मासेमारीची बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, होडी बाहेर पडली, आणि तिसऱ्या रात्री चारही डबे एकदम गेले. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, परत आल्यावर मला म्हणाला, "सगळो काळोख झालो बाबा, एकदम." तो आला कसा? होकायंत्र आणि देवगडचा दीपस्तंभ. त्याच्या बापाने शिकवलं होतं.

मी केबिनच्या फळीखाली टॉर्च मारला. चारही डब्यांच्या निगेटिव्ह वायरी एकाच बोल्टाखाली, टोकाच्या धातूच्या कड्या एकावर एक रचून, वर एक नट. तो बोल्ट असा हिरवा झाला होता की पितळेच्या पातेल्यात ठेवलेलं ताकसुद्धा इतकं कळकत नाही. डब्यांना काहीही झालं नव्हतं. चार कंपन्या, चार गॅरंटी कार्डं, आणि बोल्ट एक.

आता पुढचं. मालक चिडला, चारही डबे काढले आणि सगळं एकाच स्क्रीनवर दिसणारं मोठं यंत्र बसवलं. दिसायला काय सुंदर! पुढच्या हंगामात त्याच्या स्क्रीनमध्ये पाणी गेलं. नकाशा गेला, खोली गेली, मासा गेला. मी ते उघडलं, काच सोडून सगळं ठणठणीत. कंपनीला फोन केला, नुसती काच द्या. नाव घेत नाही, इथे त्यांचा एजंट बसलेला असू शकतो. ते म्हणाले, सुटा भाग मिळत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल. सात आठवडे! सात आठवड्यांत बांगड्याची रास निघून जाते हो. तो तांडेल तेवढे दिवस दीपस्तंभाच्या उजेडात जेवढं जमेल तेवढंच करायचा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. पॅनलचा हिशेब करायला बसलात तर आधी सांधे मोजा, डबे नंतर. प्रत्येक वायरला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक पीन, आणि तुमचा पैसा, वेळ नि झोप सगळी त्या पिनेपाशी जाते. मुलाच्या सुट्या डब्यांच्या आराखड्यात मी पिना मोजल्या. दोनशेच्या पुढे गेल्यावर चहा प्यायला उठलो.

वायरीवरून आठवलं. तिकडे विमानात टेफझेल नावाच्या आवरणाची वायर वापरतात, आणि आतल्या तांब्यावर कथलाचा मुलामा असतो. म्हणजे कल्हई! माझ्या आईच्या पातेल्यांना वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, नाहीतर आमटी कळकायची. ही गोष्ट तिकडच्या पोरांना सांगितली तर ती वहीत लिहून घेत होती. आणि टोकाला डाख देत नाहीत, क्रिंप करतात, म्हणजे पीन वायरवर दाबून बसवतात. विमान सतत थरथरतं, डाखाची वायर जिथे ताठ होते तिथेच तुटते. मी तीस वर्षं डाख देत आलो, हे ऐकून जरा अपमान वाटला.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. बारा मिनिटं. बरं, मुद्द्यावर.

आधी दोन्ही बाजूंना सारखा असलेला खर्च खोडून टाका. ढगातून जीपीएसवर उडायचं तर प्रमाणित नॅव्हिगेटर लागतो, तो महागच, पॅनल कुठलंही असो. 1 जानेवारी 2020 पासून तिकडच्या बहुतेक गर्दीच्या आकाशात एडीएस-बी, म्हणजे आपली जागा सतत कळवत राहणारं यंत्र, लागतं, तेही तसंच. चार सिलिंडरच्या इंजिनाला सिलिंडरचं तापमान सांगणारी चार टोकं आणि धुराचं तापमान सांगणारी चार, ही आठ कुठेही लागणारच. त्यांच्या वायरी साध्या तांब्याने लांबवायच्या नाहीत, त्याच धातूची जोडी लागते, नाहीतर आकडा खोटा येतो.

राहिलं काय? विमानाचा कल ओळखणारा गायरो, स्क्रीन, ऑटोपायलट, वायर. सुट्या डब्यांत प्रत्येकाचा आपला गायरो, आपला वीजपुरवठा, आपली काच. तीच वस्तू तुम्ही तीनदा विकत घेता. वर प्रत्येकाची भाषा वेगळी. कोणी आरएस-232 बोलतो, कोणी आरिंक 429. आरिंकच्या वायरींची जोडी एकाच दिशेने बोलते, आमच्या तात्यांसारखी. उत्तर हवं असेल तर दुसरी जोडी ओढा. एकत्र यंत्रणेत, म्हणजे डायनॉनची स्कायव्ह्यू किंवा गार्मिनची जी-थ्री-एक्स घ्या, ऑटोपायलटचं डोकं वेगळं विकत घ्यावं लागत नाही. तुम्ही फक्त सर्व्हो, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या मोटरी, घ्यायच्या. गार्मिनमध्ये डबे एकमेकांना कॅन बसने जोडतात. दोन वायरी एका डब्यातून दुसऱ्यात, दोन्ही शेवटांना 120 ओहमचा रेझिस्टर, संपलं. हे मूळ मोटारींसाठी बॉशने काढलेलं.

म्हणून माझा हिशेब असा. नुसतं दिवसा, मोकळ्या हवेत उडायचं आणि ऑटोपायलट नको, तर 79 मिलिमीटरच्या गोल भोकात बसणारी दोन छोटी यंत्रं आणि एक रेडिओ, सुटं स्वस्त. ऑटोपायलट आला की पारडं फिरतं, इंजिन मॉनिटर आला की एकत्रच स्वस्त. दहा वर्षांनी मात्र पुन्हा उलटं. सुटा डबा काढून दुसरा बसतो, पण एकत्रचं मॉडेल बंद झालं तर पॅनलचा पत्राच नव्याने कापायचा. नकाशांच्या वर्गणीचं तर बोललोच नाही, बोलायला वेळही नाही.

मुलाने एक मोठी स्क्रीन घेतली, रेडिओ दुसऱ्या कंपनीचा, आणि कल दाखवणारं एक छोटं यंत्र वेगळं, स्वतःच्या बॅटरीवर. अर्थिंगचं काम मी केलं. विमानात अर्थ एकाच जागी लागते, नाहीतर कानात इंजिनाची घरघर येते. पण एका बोल्टाखाली रचायचं नाही. पितळी पट्टीवर प्रत्येक वायर खोचायला पत्र्याची वेगळी जीभ ठेवली. चोवीस जिभा, एकेक ओढून बघितली.

विमान उडालं का? नाही हो, अजून इंजिनाचं झाकण बसायचंय. आवाज ऐकू येतोय ना बाहेर, पेटी आली वाटतं. प्रश्न आता जेटीवर. इथे टेबलावर क्रिंपर आणि थोड्या पिना ठेवल्यात. ज्यांना एक टोक लावून ओढून बघायचंय त्यांनी लगेच या, आणि वाचायचा चष्मा घेऊन या, पिना बारीक आहेत.