साडेपाच तासांत अमेरिका

नमस्कार श्रोतेहो. बडोद्यात आता घराआड एक घर असं, की ज्याचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत आहे. तरी मुंबईहून तिथल्या नेवार्क विमानतळाला किती तास लागतात हे विचारा, चार जण चार आकडे सांगतील.

दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याचं पहिलं तिकीट आलं, डिसेंबरातलं. मुंबईहून रात्री दीडला निघणार, नेवार्कला सकाळी सातला पोहोचणार, तारीख तीच. आत्याने बोटं मोजली. साडेपाच तास! "अरे, एवढा वेळ तर मला इथून मुंबईला जायला लागतो!" दशम्यांसाठी काढलेलं निम्मं पीठ तिने परत डब्यात टाकलं. लीलो चिवडा, म्हणजे आपला बडोद्याचा ओलसर चिवडा, मात्र ठेवला, तो लेकीसाठी. (आणि खरं सांगतो, चिवडा न्यावा तर लीलोच, बाकीचे उगाच वजन.)

मग तिने परतीचं तिकीट पाहिलं. नेवार्क रात्री साडेआठ, मुंबई दुसऱ्या दिवशी रात्री नऊ. "येताना काय बैलगाडीत बसवतात का रे?"

आतोबा रेल्वेतून निवृत्त, वेळापत्रकावर फार जीव. पाठकोरा कागद घेऊन बसले. हिवाळ्यात नेवार्कचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास. जाताना मिळवायचे: साडेपाच आणि साडेदहा, सोळा. येताना वजा करायचे: साडेचोवीसातून साडेदहा गेले, चौदा. पुन्हा सांगतो, जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. उन्हाळ्यात फरक साडेनऊच.

आत्या कागदाकडे बघत राहिली. "जाताना सोळा, येताना चौदा. मधले दोन तास कुणी खाल्ले?"

वाऱ्याने, श्रोतेहो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

अंतर तेच, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. पण हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ मारलीत तर ती अरबस्तान, इजिप्त, सहारा करत जाते आणि जास्त लांब पडते. दोरा मात्र थेट नॉर्वे-ग्रीनलँडकडे चढतो. विमानाला दोऱ्यावरून जाता येतंच असंही नाही: २०२२ मध्ये अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं. वळसा पडला की तास वाढले.

तेव्हा न्यायला मुंबईला गाडी पाठवणार असाल, तर ड्रायव्हरला निघण्याची तारीख सांगू नका, उतरण्याची सांगा. आत्याच्या वेळी गाडी आदल्या रात्रीच जाऊन उभी होती.