आधी विचारायचं, मग जायचं

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीने मला विषय दिला तो ‘अनोळखी व्यक्ती आणि मुलांची सुरक्षितता’. लहान मुलांच्या वर्गात बरीच वर्षं घालवल्यावर मला तुमच्यापुढे एक मागणं मांडायचं आहे. ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे वाक्य आपण आता निवृत्त करू या.

२००५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या युटा राज्यात ११ वर्षांचा एक मुलगा स्काउटच्या शिबिरातून डोंगरात हरवला. चार दिवस लोक त्याला शोधत होते. सुदैवाने तो जिवंत सापडला. मग कळलं की शोधणारी माणसं त्याला आधीच दिसली होती, पण त्यांना पाहून तो वाटेवरून बाजूला होऊन लपला होता. अनोळखी माणसांपासून सावध राहायचं, अशी त्याला घरची शिकवण होती. पोटात अन्न नसताना, डोंगरात एकटा असतानाही त्या लेकराने ती पाळली. त्याचं काहीच चुकलं नाही. नियमच अपुरा होता.

तो आणखी एका बाजूने अपुरा आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना विचारून बघा, अनोळखी माणूस कसा असतो? रागीट चेहरा, काळे कपडे, मोठा आवाज, असंच काहीतरी सांगतील. हसतमुख बाई आली, तिने नाव घेऊन हाक मारली, की मुलाच्या लेखी ती अनोळखी राहतच नाही. आणि दप्तरावर नाव लिहिलेलं असेल तर ते कोणीही वाचू शकतं. शिवाय आपण स्वतः दिवसभर अनोळखी माणसांशी बोलतो, ‘काकांना थँक्यू म्हण’ असं मुलांनाही सांगतो. त्यातून मुलाने नेमकं काय समजून घ्यायचं?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक घटनांत करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची असते. नात्यातली, शेजारची, शिकवायला येणारी, खेळाच्या मैदानावरची. तिथे हा नियम मुलाच्या काहीच उपयोगाचा नाही.

म्हणून नियम माणसावर नको, वागण्यावर हवा. घरातल्या सगळ्यांना पाठ होईल एवढा सोपा: आधी विचारायचं, मग जायचं. कोणाबरोबर जायचं असेल, कोणाच्या गाडीत बसायचं असेल, कोणी काही देत असेल, ठरलेला बेत कोणी बदलत असेल, तर त्या वेळी जो मोठा माणूस मुलाला सांभाळतो आहे त्याला आधी विचारायचं. विचारता येत नसेल तर उत्तर ‘नाही’. समोर शेजारी असो, शिक्षक असोत की मामा. नियम सगळ्यांना सारखा असला की मुलाला चांगला माणूस कोण आणि वाईट कोण हे ठरवायची गरज उरत नाही. तो निवाडा आपल्याला मोठ्यांनाही धड जमत नाही, तो मुलांवर कशाला लादायचा?

फूस लावण्याच्या पद्धती फारशा बदललेल्या नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना तीन प्रकारची बोलावणी ओळखायला आणि टाळायला शिकवलं होतं. एक साधं: ‘चल, जरा फिरून येऊ.’ दुसरं अधिकाराचं: ‘तुझ्या बाईंनीच मला पाठवलंय.’ तिसरं आमिषाचं: ‘गाडीत तुझ्यासाठी एक गंमत आहे.’ मी यात आणखी दोन धरते. मदतीची याचना: ‘माझं कुत्र्याचं पिल्लू हरवलंय, शोधायला येतोस?’ आणि घाई: ‘आईला बरं नाही, लगेच चल.’ याचनेसाठी मुलांना सांगा की मोठ्या माणसाला मदत लागली तर त्याने मोठ्यांकडे मागायची असते. घाईसाठी घरचा एक सांकेतिक शब्द ठरवा. तुम्ही खरोखरच कोणाला पाठवलं असेल तर त्याला तो माहीत असेल. एकदा वापरला की बदला.

पण हे सगळं सांगून मुलाला येत नाही. १९८८ च्या एका अभ्यासात बालवाडी आणि पहिलीच्या मुलांचे गट केले होते. काहींना फक्त व्हिडिओ दाखवला, काहींना व्हिडिओ दाखवून तसं वागण्याचा सरावही दिला, काहींना नेहमीची सुरक्षिततेची माहिती दिली आणि काहींना काहीच शिकवलं नाही. मग अभ्यासकांनीच नेमलेली अपरिचित माणसं ‘चल’ म्हणाली. काहीच न शिकवलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मुलं लगेच जायला तयार झाली. सगळ्यात चांगली वागली ती प्रत्यक्ष सराव केलेली मुलं. म्हणजे नियम तोंडपाठ असणं आणि पाय वेळेवर मागे फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून घरी नाटक करा. बाबांनी ‘चल’ म्हणणारा माणूस व्हायचं, मुलाने ‘नाही, मला विचारावं लागेल’ म्हणायचं, पाठ फिरवून धावायचं, आईपाशी येऊन काय झालं ते सांगायचं. तिन्ही पायऱ्या, दर वेळी. सांगण्याची पायरी मुलं हमखास गाळतात. काही दिवसांनी पुन्हा, वेगळ्या जागी. सूर मात्र रस्ता ओलांडायला शिकवताना असतो तसाच ठेवा. अपहरणाच्या बातम्या ऐकवून मूल सावध होत नाही, रात्री झोपत नाही एवढंच.

काही पालक ओळखीच्या माणसाला बागेत पाठवून मुलाची गुपचूप परीक्षा घेतात आणि तिचं चित्रीकरण सगळ्यांना दाखवतात. याला माझा ठाम विरोध आहे. फसलेल्या मुलाला त्यातून फक्त लाज मिळते.

आता खास आपल्यासारख्या, घरात एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांसाठी. कोणी हात धरून ओढलं तर मूल ‘आई’ असं ओरडेल. बघणाऱ्यांना वाटेल, मूल हट्ट करतंय आणि घरचं माणूस त्याला नेतंय. म्हणून आपण राहतो तिथल्या भाषेत मोठ्याने ओरडायचा सराव करून घ्या: ‘मी यांना ओळखत नाही! हे माझे बाबा नाहीत!’ हात सोडवायचा, लाथा मारायच्या, चावायचं, हातातलं सामान टाकून पळायचं. अशा वेळी उद्धटपणा माफ आहे, हे मुलाला तुमच्या तोंडून ऐकू द्या. बरीच चांगल्या वळणाची मुलं केवळ मोठ्यांना उलट बोलायचं नसतं म्हणून गप्प राहतात.

त्याच भाषेत मुलाला आई-बाबांची पूर्ण नावं, एक फोन नंबर आणि तिथला आपत्कालीन क्रमांक सांगता यायला हवा. गर्दीत हरवलं तर आहे तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. कोणाकडे? काउंटरमागे काम करणारी व्यक्ती, गणवेशातला कर्मचारी किंवा बरोबर लहान मुलं असलेली बाई. तीही अनोळखीच, पण तिची निवड मुलाने केलेली असते. आपण होऊन जवळ येणाऱ्या माणसापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित आहे.

ऑनलाइन खेळांतही नियम तोच. कोणी दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावलं, फोटो मागितला, ‘घरी सांगू नकोस’ म्हणालं, की थांबायचं आणि विचारायचं. फोटो गेलाच असेल तर मुलाला रागावू नका. धमकी देणारा तुमच्या त्याच रागाच्या भीतीवर जगतो. पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, पोलिसांना कळवा.

शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं मुलांना शिकवा, म्हणजे वेळ आली तर नेमकं सांगता येईल. मिठी नको असेल तर पाहुण्यांसमोरसुद्धा मुलाची बाजू घ्या. वाढदिवसाची गंमत थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळणार असते, पण कायमचं लपवायला सांगितलेलं गुपित आपल्या घरात चालत नाही, हेही स्पष्ट सांगा.

आणि एखाद्या दिवशी मूल खरंच काही सांगायला आलं, तर हातातलं काम ठेवा. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणा आणि ऐका. खोदून खोदून विचारू नका, तुमचे शब्द त्याच्या तोंडी घालू नका. त्याने जसं सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाब विचारायला आपण होऊन जाऊ नका. पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे त्याच दिवशी जा, मग तो माणूस कितीही जवळचा असो.